बर्गीचा धडा आणि वर्गातील मराठी मूल

परप्रांतात वसलेल्या समाजाच्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणजे स्मरणिकेत जो जमाखर्च मांडला जातो तो बहुधा वास्तूंचा, उत्सवांचा आणि कार्यकर्त्यांच्या श्रमांचा असतो. तो मांडणे उचितच आहे. परंतु ज्या ठिकाणी आपल्या मुलांच्या दिवसाचे पाच-सहा तास जातात, त्या शाळेच्या वर्गाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. आपल्यापैकी कोणी बँकेच्या बदलीने येथे आले, कोणी रेल्वेच्या वा सरकारी नोकरीने, तर कोणी खानापूर-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी. घरचा उंबरठा ओलांडला की या सर्वांचीच मुले बंगाली शिक्षकांच्या हाती जातात. त्या शिक्षकांनी त्यांच्यावर माया केली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. तरीही इतिहासाच्या पुस्तकात एक धडा असा येतो की, त्या तासाला मराठी मूल आणि त्याचा शिक्षक या दोघांचीही परीक्षा होते. तो धडा म्हणजे बंगालवरील मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा, अर्थात ‘बर्गीं’चा.

बंगाली घरातील मूल हा शब्द शाळेत शिकत नाही, पाळण्यातच शिकते. तेथील सर्वपरिचित अंगाईगीतात बर्गी हे भयाचे नाव आहे. मराठी घरातील मूल त्याच वयात शिवरायांच्या गोष्टी ऐकत असते. आठ-दहा वर्षांनी ही दोन्ही मुले एकाच बाकावर शेजारी बसतात आणि फळ्यावर 1742 हे साल लिहिले जाते. त्या दिवशी एखादे मूल घरी येऊन विचारते, “आई, बर्गी म्हणजे आपणच का?” या प्रश्नाला आई काय उत्तर देते यास महत्त्व आहेच. पण तो प्रश्न मुलाच्या मनात कोणत्या रूपाने उभा राहावा हे बरेचसे शिक्षकाच्या हाती असते. शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या भिन्न भिन्न संस्कारांची पूर्वतयारी कशी करावी, हा जो शिक्षणशास्त्रातला प्रश्न आहे, तो आपल्या दृष्टीने या एका धड्यात सामावलेला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘बर्गी’ हे मराठीतील ‘बारगीर’ या शब्दाचे बंगाली रूप. मराठी लष्करात स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि ज्यास घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. आपल्या भाषेत हा शब्द लष्करी दप्तरातला, अगदी निर्विकार असा आहे. बंगालीत मात्र तो जळालेल्या घरांचा शब्द झाला. दोन शेजारी भाषांमध्ये एकच शब्द इतक्या भिन्न वजनाने वावरतो, हे ज्या शिक्षकास ठाऊक आहे त्याची निम्मी तयारी झाली असे आम्ही समजतो.

आता प्रत्यक्ष इतिहास. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगाल भास्कर पंडित म्हणून ओळखतो, ते फौजेसह बंगालमध्ये उतरले. चौथाईची वसुली हा या स्वारीचा हेतू होता. मुर्शिदाबादेत जगत्‌शेठांची कोठी लुटली गेली, गंगेच्या पश्चिमेकडील मुलूख उद्ध्वस्त झाला आणि लोक नदी ओलांडून पूर्वेकडे पळाले. त्या वर्षीच्या शरदात काटव्याजवळ दाईंहाट येथे भास्कर पंडितांनी दुर्गापूजा मांडली होती. ती पुरी होण्यापूर्वीच नवाब अलीवर्दीखानाने छापा घालून त्यांना उठवले. 1744 च्या मार्चअखेर तहाच्या बोलण्यास म्हणून बोलावून मानकरा येथील छावणीत भास्कर पंडितांचा वध करण्यात आला. त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहिल्या. अखेर 1751 मध्ये तह होऊन नवाबाने सालिना बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले आणि ओरिसा नागपूरकरांच्या अमलाखाली गेला.

या स्वाऱ्यांत सामान्य रयतेचे जे हाल झाले ते लपवण्यात अर्थ नाही. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे त्या काळातच रचलेले काव्य. त्याच्या पोथीवर बंगाली सन 1158, म्हणजे इसवी सन 1751 हे वर्ष आहे. गावे जाळणे, पैशासाठी छळ करणे, स्त्रियांवर अत्याचार करणे, यांचे त्यात केलेले वर्णन वाचवत नाही. मात्र याच काव्याची मांडणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. पृथ्वीवर पाप माजले म्हणून शिवाने शाहू राजाच्या हस्ते शासन योजले, असे गंगाराम आरंभी सांगतो. पुढे शासन करावयास आलेलेच पापी झाले, म्हणून देवीने त्यांचा पक्ष सोडला आणि भास्कराचा अंत झाला, असा शेवट करतो. ज्याने हा कहर प्रत्यक्ष पाहिला त्या काळच्या कवीलाही ‘मराठा’ म्हणजे जन्मतः दुष्ट असे म्हणावेसे वाटले नाही. त्याने दोष दिला तो कृत्याला. ही गोष्ट आजच्या वर्गात सांगितली जाते काय?

सांगण्यासारख्या आणखीही गोष्टी आहेत. या फौजेला बंगालची वाट व मर्म दाखवणारा प्रमुख माणूस मीर हबीब हा इराणातून आलेला आणि पूर्वी नवाबाच्याच बाजूस चाकरीत असलेला सरदार होता. उलटपक्षी, 1743 मध्ये खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव आपली फौज घेऊन बंगालमध्ये आले, ते रघूजींच्या विरुद्ध, अलीवर्दीच्या साहाय्यास. त्याचा मोबदला त्यांनीही नवाबाकडून घेतला, हे खरे. म्हणजे ‘मराठे विरुद्ध बंगाली’ किंवा ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशा सोप्या चौकटीत हा प्रसंग बसत नाही. लुटणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते, लुटले गेलेल्यांतही दोन्ही धर्मांचे. शिवछत्रपतींचे निधन 1680 मधील. त्यांच्या मागे बासष्ट वर्षांनी एका सरदाराच्या फौजेने जे केले त्याचा जाब ना महाराजांना विचारता येतो, ना सातवीतल्या मुलाला.

आपण ज्या नगरीत राहतो तिच्या अंगावर या काळाची खूण होती. बर्गी येणार या धास्तीने 1742 मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा संकल्प होता. सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबले, कारण बर्गी कोलकात्यास आलेच नाहीत. 1799 मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बसू रोड या नावांनी आपण ज्या हमरस्त्याने जातो तो हाच. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ हे नाव अजून त्या खंदकाची आठवण देते. इतिहासाचा धडा याच शहरातल्या चालत्या रस्त्यावर उभा आहे, आणि त्याच रस्त्याने मराठी मूलही शाळेत जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र चित्र पालटले. रमेशचंद्र दत्त यांनी 1878 मध्ये ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी लिहून शिवकाल बंगाली घरांत नेला. 1902 पासून कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. 1904 मध्ये रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. जून 1906 मध्ये लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे या उत्सवासाठी येथे आले तेव्हा कोलकात्याने त्यांचे अपूर्व स्वागत केले. अंगाईगीतातील भय दीडशे वर्षांनी आदराला जागा देते, हा आपल्या दोन समाजांच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय. परंतु येथेही एक शंका राहतेच. त्या उत्सवात भवानीची मूर्ती मांडून पूजा झाली. ज्या बंगालमध्ये निम्मी प्रजा मुसलमान होती, तेथे शेजारच्या बाकावरील मुसलमान मुलाने हा उत्सव आपला कसा मानावा, हा प्रश्न तेव्हाही अनेकांच्या मनात आला. पूर्वी बर्गी म्हणून मराठी माणूस परका होता, आता दुसरे कोणी परके होऊ पाहत होते. नायक बदलला म्हणून वर्गातील अडचण संपत नाही, ती एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते.

या पालटात ज्यांचा मोठा वाटा होता ते सखाराम गणेश देउस्कर हे आपल्या सर्वांच्या अभिमानाचे स्थान. व्यवसायाने ते आधी शिक्षक होते, याची मात्र सहसा कोणास आठवण नसते. देवघराजवळील करौं या गावी 17 डिसेंबर 1869 रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे मूळ महाराष्ट्रातील देऊस गावचे. देवघरच्या शाळेतच शिकून 1893 मध्ये ते तेथे शिक्षक झाले. तेथील मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर टीका करणारे लेख लिहिल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मग ते कोलकात्यास ‘हितवादी’ पत्रात आले आणि पुढे त्याचे संपादक झाले. 1904 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक इतके प्रभावी ठरले की 1910 मध्ये सरकारने ते जप्त केले. ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालमध्ये रूढ करण्याचे श्रेय अरविंद घोषांनी त्यांना दिले आहे. सुरतेच्या फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्यास त्यांनी नकार दिला, संपादकपद सोडले आणि राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली भाषा व भारताचा इतिहास हे विषय ते शिकवू लागले. 23 नोव्हेंबर 1912 रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. घरी मराठी बोलणारा, नावाने सर्वस्वी मराठी असा एक शिक्षक बंगाली मुलांना त्यांचीच भाषा शिकवीत आहे. हा अधिकार देउस्करांना कोणत्या पदवीने मिळाला नव्हता. मुलांच्या घरात जे बोलले जाते, जे वाचले जाते आणि ज्याची भीती वाटते ते सारे त्यांनी आधी आपलेसे केले होते. शिक्षकाची तयारी म्हणतात ती हीच.

याच्या उलट दिशेनेही प्रवास झाला. जदुनाथ सरकार हे आयुष्याचा मोठा भाग महाविद्यालयात शिकवणारे गृहस्थ. त्यांनी मराठ्यांचा इतिहास लिहावयाचा म्हणून मराठी भाषा आत्मसात केली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, जे स्वतः बडोद्यास राजपुत्रांचे शिक्षक होते, त्यांच्याशी जदुनाथांचा स्नेह अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. जदुनाथांनी बर्गींच्या क्रौर्यावर पांघरूण घातले नाही, आणि ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ या 1919 मधील ग्रंथात शिवरायांच्या कर्तृत्वाला उणेपणाही आणला नाही. त्यांची काही मते महाराष्ट्रात रुचली नाहीत, वाद झाले. तरी त्यांनी मराठी कागद मराठीतूनच वाचले, हे कोणी नाकारले नाही. कलकत्ता विद्यापीठातील सुरेंद्रनाथ सेन यांनी सभासद बखर इंग्रजीत आणली आणि 1923 मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याच विद्यापीठात 1917 ते 1936 पर्यंत देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे प्राचीन भारतीय इतिहासाचे कार्मायकेल प्राध्यापक होते. म्हणजे एकाच संस्थेत मराठी गुरू बंगाली शिष्यांस आणि बंगाली गुरू मराठ्यांचा इतिहास शिकवीत होते.

हे विद्यापीठाचे झाले. शाळेच्या वर्गाचे उदाहरण हवे असेल तर त्यासाठी खंदकाच्या त्याच बागबाजारात जावे लागते. 1898 च्या जानेवारीत मार्गारेट नोबल भारतात आल्या आणि भगिनी निवेदिता झाल्या. त्याच वर्षी 13 नोव्हेंबर रोजी त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. इंग्लंडात त्या अनुभवी शिक्षिका होत्या, तरी येथे आल्यावर त्यांनी आधी बंगाली शिकण्यास आरंभ केला, गल्लीतील जुन्या वळणाच्या घरांचे रीतिरिवाज समजून घेतले आणि दारोदार जाऊन आयांच्या हातून मुली मागून घेतल्या. मुलीला शाळेत बोलावण्यापूर्वी शिक्षिका मुलीच्या घरी गेली.

शांतिनिकेतनाचा दाखला अधिक उद्‌बोधक आहे, कारण तेथे थोरांनाही शिकावे लागले. 1902 मध्ये कुंजलाल घोष हे ब्राह्मणेतर शिक्षक आश्रमात आले तेव्हा ब्राह्मण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाया पडावे की नाही, असा प्रश्न निघाला. त्या काळी रवींद्रनाथांनी रूढीस धरूनच निर्णय दिला. 1915 च्या मार्चमध्ये गांधीजींच्या सूचनेवरून तेथील शिक्षक व विद्यार्थ्यांनी स्वयंपाकापासून सफाईपर्यंत सारी कामे स्वतः करण्याचा प्रयोग केला. आपले काकासाहेब कालेलकर त्या वेळी तेथेच मुक्कामास होते आणि या प्रयोगात सामील होते. 1921 मध्ये सिल्हेटहून सय्यद मुजतबा अली तेथे शिकावयास आले. विश्वभारतीच्या पहिल्या मुसलमान विद्यार्थ्यांपैकी ते एक. पुढे बंगालीतले मोठे लेखक झाले. पायांस स्पर्श करण्याच्या प्रश्नापासून येथवर येण्यास एकोणीस वर्षे लागली. भिन्न संस्कारांची मुले सामावून घेणे हा कोणाचाही उपजत गुण नाही, तो सरावाने येतो, हा यातला बोध.

शिक्षकांना रीतसर शिक्षण देण्याची सोय कोलकात्यात जुनी आहे. डेव्हिड हेअर ट्रेनिंग कॉलेज 1908 मधले. परंतु अशा अभ्यासक्रमांत दीर्घकाळ भर राहिला तो पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, प्रश्न कसे विचारावेत यांवर. समोर बसलेले मूल कोणत्या घरातून आले आहे, हा विषय उशिरा आला. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील अनेक भाषा ही अडचण नसून साधन आहे असे सांगितले आणि 2009 च्या शिक्षक-शिक्षणाच्या आराखड्याने विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी जाणणे हे शिक्षकाच्या तयारीचे अंग मानले. युरोपात याच प्रश्नाने आणखी कठीण रूप घेतले होते. महायुद्धाचे घाव ताजे असताना जर्मनी व पोलंड येथील इतिहासकारांनी 1972 मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी संयुक्त मंडळ स्थापन केले. फ्रान्स व जर्मनी यांचे इतिहासाचे सामाईक पाठ्यपुस्तक 2006 मध्ये निघाले. ज्यांनी एकमेकांची शहरे उद्ध्वस्त केली त्यांना जर हे जमते, तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या बर्गींविषयी बंगाली शिक्षक आणि मराठी पालक यांनी एकत्र बसून बोलण्यास हरकत कोणती?

आमच्या मते शिक्षकाची तयारी तीन साध्या गोष्टींत आहे. पहिली, धडा घेण्यापूर्वी वर्गात कोणाची मुले बसली आहेत हे पाहणे. दुसरी, ‘मराठ्यांनी’ या मोघम शब्दाऐवजी ‘नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने’ असे नेमके सांगणे. माणसे, साल आणि कारण यांचा उच्चार झाला की दोष जातीवरून उतरून कृत्यावर येतो. तिसरी, त्या मुलास न साक्षीदार करावे, न आरोपी. ‘तुम्ही लोकांनी’ हे दोन शब्द थट्टेने उच्चारले तरी ते मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहतात. यासाठी मोठ्या निधीची वा नव्या कायद्याची गरज नाही. एका तासाची पूर्वतयारी पुरते.

परंतु सर्व भार शिक्षकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. घरी ‘ते सारे खोटे आहे, बंगाल्यांनी रचलेले आहे’ असे सांगणारा पालक मुलाला वर्गात अधिकच एकटे पाडतो. गंगारामाने लिहिले ते आपल्याही मुलांनी जाणले पाहिजे. शिवरायांचा अभिमान आणि रयतेच्या दुःखाविषयी कळवळा यांत विरोध नाही. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये अशी ज्या राजाची ताकीद होती, त्याचे नाव घेणाऱ्यांना बर्गींच्या जाळपोळीचे समर्थन करता येणार नाही. पुरीच्या यात्रेस जाताना आपण मुलांना हेही सांगू शकतो की, जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढील अरुणस्तंभ कोणार्कहून तेथे आला तो मराठ्यांच्याच अमलात. एकाच सत्तेच्या हातून गावे जळाली आणि देवळेही सांभाळली गेली. इतिहास असाच असतो, आणि मुलांना तो समजतो. समजत नाही तो थोरांचा संकोच.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. आज मुंबई-पुण्याच्या शाळांत बंगाली कारागिरांची आणि नोकरदारांची मुले शिकत आहेत. तेथे शिक्षक मराठी आहे आणि परके मूल बंगाली. चौथाईच्या आणि मुलूखगिरीच्या गोष्टी तेथे मोठ्या उत्साहाने सांगितल्या जातात. त्या वेळी मागच्या बाकावरील मुलाने पाळण्यात कोणते गाणे ऐकले होते, हे त्या मराठी शिक्षकाला ठाऊक असते काय? जी अपेक्षा आपण येथील शिक्षकांकडून करतो, ती आपल्या गावच्या शिक्षकांकडूनही केली पाहिजे. तरच आपल्या म्हणण्याला वजन येईल.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक सूचना आहे. मंडळाच्या ग्रंथालयात ‘महाराष्ट्र पुराण’, देउस्करांचे ग्रंथ, जदुनाथ व सुरेंद्रनाथ सेन यांची पुस्तके आणि रियासतीचे खंड एका कपाटात शेजारी शेजारी ठेवावेत. वर्षातून एकदा आपली मुले ज्या शाळांत शिकतात तेथील इतिहासशिक्षकांस आदरपूर्वक आमंत्रण द्यावे, त्यांच्यापुढे पुरणपोळीबरोबर हे कपाटही उघडावे, आणि त्यांच्याकडून बंगालची बाजू मुलांसमवेत आपणही ऐकावी. कोलकात्याने बर्गींसाठी खणलेला खंदक स्वतःच बुजवून त्यावर रस्ता केला. त्या रस्त्याने येजा ठेवणे एवढेच आता आपल्या दोघांकडे उरले आहे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत ती येजा वाढो, हीच आमची शुभकामना.